एका बैठकीचा गाभा

माझ्या धाकट्या बहिणीला घरात, शेजारात आणि ऑफिसात सगळेच भिंगरी म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं यावरून आमच्याकडे अजून भांडण होतं. आई म्हणते मी ठेवलं, मी म्हणतो आईनं. कुणीही ठेवलेलं असो, ठेवणारा चुकला नव्हता. ही पोरगी जेवायला बसली की दुसऱ्या घासाला उठायची, खिडकीपर्यंत जाऊन यायची आणि तिसरा घास उभ्यानं खायची. केस कापायला तिला मीच घेऊन जायचो. एकदा तिथल्या कारागिरानं कात्री खाली ठेवली आणि मला म्हणाला, "बाळा, हिला झोपली की उचलून आण." पाहुणे हसायचे, म्हणायचे, "हिचं बूड काही टेकत नाही हो." मग आई ओशाळायची आणि पाहुणे गेल्यावर भिंगरीवर खेकसायची, "अगं, एका जागी बस!" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की शेजारचा पोपटसुद्धा ते शिकला होता.

अशी मुलगी मोठेपणी खुर्चीत बसून करायचं काम पत्करेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं पत्करलं, पण स्वतःच्या तऱ्हेनं. टाइप करायचं ते उभ्यानं, विचार करायचा तो चालत, आणि फोन आला की जिन्यावर. तिच्या टेबलापासून खिडकीपर्यंत ऑफिसच्या फरशीवर एक फिकट पट्टा पडलाय. भागीदार म्हणतो तो आधीपासूनच होता. मी नाही मानत.

हा भागीदार म्हणजे तिचा कॉलेजातला मित्र. दोघांनी मिळून एक फ्रेमवर्क लिहिलं, त्यावरच आमचं सगळ्यांचं पोट चालतं. फ्रेमवर्क म्हणजे काय हे मला कळायला वेळ लागला होता, तेव्हा तुम्हालाही थोडा लागू दे. लाँड्री असो, ग्रंथालय असो, दातांचा दवाखाना असो, प्रत्येकाला आपापला प्रोग्रॅम हवा असतो. दर वेळी तो पायापासून कोण लिहीत बसणार? म्हणून एक तयार सांगाडा असतो आणि त्यावर ज्यानं त्यानं आपलं घर चढवायचं असतं. त्या सांगाड्याच्या मधोमध जे असतं त्याला ऑफिसात कोअर म्हणतात. मी गाभा म्हणतो. भिंगरीच्या गाभ्याचं काम एवढंच की आलेला निरोप घ्यायचा, ज्याचा त्याला पोचवायचा आणि उत्तर परत आणून द्यायचं. पावती छापायची असेल, फोटो ठेवायचे असतील, तर ते बाहेरून जोडायचं. हवं त्यानं जोडावं, नको त्यानं जोडू नये. मी पूर्वी एका दुकानात मिक्सर आणि इस्त्र्या विकायचो, म्हणून तिनं मला माझ्या भाषेत समजावलं होतं. "दादा, भिंतीत काय असतं? प्लगची जागा. भिंतीत मिक्सर चिणतो का आपण?" तेवढं मला पुरलं.

ते दुकान बंद पडलं तेव्हा तिनंच मला ऑफिसात ओढलं. "तुला लोकांशी भांडता येतं," ती म्हणाली, "तू फोन घे." माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, ही गोष्ट कुणाला नोकरी देण्यासारखी वाटेल असं मला तरी वाटलं नव्हतं. पण फोनवर काम तसलंच होतं. "त्या दुसऱ्यांच्यात कॅलेंडर आहे, तुमच्यात का नाही?" "मेसेज आपोआप का जात नाही?" "एवढं साधं आत घालायला तुमचं काय जातं?" मी सगळं ऐकून भिंगरीला सांगायचो आणि ती म्हणायची, "जोडून दे. आत नको." मग मी फोनवर नाही म्हणायचो आणि शिव्या खायचो. नाही म्हणणं तिलाही सोपं जायचं नाही. नाही म्हणून झालं की ती दुपारभर त्या पट्ट्यावरून चालत राहायची.

आता आमच्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर फिरलं. फ्रेमवर्कचं नवीन व्हर्जन, म्हणजे नवी आवृत्ती, बाहेर पडायच्या आधी आमच्याकडे वाचन असतं. मधल्या खोलीत लांब टेबल आहे, भोवती एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या आहेत आणि घरघरणारा एक पंखा आहे. तिथं सगळ्यांनी बसायचं आणि भिंगरीनं अख्खा गाभा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचा. प्रत्येक तुकडा वाचला की तो काय करतो ते एका वाक्यात सांगायचं आणि पुढं जायचं. नियम एकच होता. वाचन संपायच्या आत कुणीही खुर्चीवरून उठलं तर गाभा फार मोठा झाला असं समजायचं. मग व्हर्जन थांबवायचं, आतलं काहीतरी बाहेर काढायचं आणि पुन्हा बसायचं. "एका बैठकीत जे डोक्यात मावत नाही," ती म्हणायची, "ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?"

कुणीही उठलं तर, असा नियम होता खरा, पण पहिलं कोण उठणार हे काय सांगायला हवं? सगळ्यांचे डोळे टेबलाखाली तिच्या पायांवर. तिचा उजवा पाय हलायला लागला की भागीदाराचा चेहरा पडायचा. एकदा तर शेवटचं पान राहिलं असताना ही उठून उभी राहिली. भागीदार कळवळून म्हणाला, "अगं, एकच पान आहे गं!"

"मग ते एक पान काढ," ती म्हणाली आणि खिडकीशी गेली.

काढलं. आणि काढल्यावर कुणाचं काही अडलं नाही. पुढं एका मोठ्या सभेत कुणीतरी भागीदाराला विचारलं, तुमचा कोअर इतका लहान आणि साधा कसा राहिला, यामागचं तत्त्व काय? भागीदारानं साधेपणावर छान भाषण ठोकलं. मी मागच्या रांगेत बसून हसू दाबत होतो. तत्त्व कसलं? आमच्या पोरीला बसवत नव्हतं, एवढंच.

मी आणि आई खालच्या मजल्यावर राहतो आणि भिंगरी आमच्या डोक्यावर. तिच्या पावलांचा आवाज छतातून यायचा. दार ते खिडकी, खिडकी ते दार. वर्षानुवर्षं तो आवाज ऐकतच आम्ही झोपलो, त्यामुळे ती स्वतः कधी झोपते हा प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नाही. मग एक दिवस ऑफिसच्या जिन्यावर तिचा तोल गेला. फोनवर बोलता बोलता, चालता चालता तिला डुलकी लागली होती. गुडघा फुटला. आईनं तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं आणि मलाही बरोबर घेतलं, कारण भिंगरी मधूनच निघून जाईल अशी तिला खात्री होती.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. गुडघ्याला पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही खुर्चीत सारख्या हलताय. बसलं की पायांत काय होतं?"

"आतून कुणीतरी ओढतंय असं होतं," भिंगरी म्हणाली. "उठून चाललं की थांबतं. रात्री जास्त."

"कधीपासून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "पहिल्यापासून," ती म्हणाली. "सगळ्यांना नाही का होत?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांना नाही होत. हा स्वभाव नाही, हे दुखणं आहे. यावर औषध असतं."

इतकी वर्षं ही पोर समजत होती की सगळ्या जगाचे पाय असेच ओढतात. आपल्याला तेवढा धीर नाही, बाकीच्यांना आहे, असं ती धरून चालली होती. घरी आल्यावर चपला काढून आई स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली. "दुखत होतं लेकराला, आणि मी ओरडत होते," एवढंच ती परत परत म्हणत होती. त्या दिवशी तिनं ठरवलं की 'एका जागी बस' हे वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं नाही. आणि ती शब्दाला पक्की आहे.

गोळ्या सुरू झाल्या आणि काही दिवसांत छत गप्प झालं. सुरुवातीला आई घाबरून वर जायची, दाराला कान लावून यायची. "झोपलीय," असं मला सांगताना तिचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा. भिंगरी ताटावर बसून पूर्ण जेवायला लागली. गालांवर मांस आलं. एका रविवारी तिनं आमच्याबरोबर अख्खा सिनेमा बसून पाहिला आणि शेवटी म्हणाली, "अरेच्चा, सिनेमांना शेवट असतो होय!" आम्ही तिघं इतके हसलो की शेजारच्यांनी दार वाजवलं. मला फार बरं वाटलं होतं. आजही तो रविवार आठवला की बरं वाटतं.

आता वाचनाचं काय झालं ते ऐका. पुढच्या वाचनाला ती शांत बसली, पाय खुर्चीखाली एकावर एक. भागीदारानं टेबलाखाली पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो काही वाईट माणूस नाही. आडून बोलायची त्याला सवय नाही, सरळ म्हणाला, "लोक कधीचे कॅलेंडर मागतायत. आत घेऊन बघू. वाचनात बसलं तर ठेवू, ती उठली तर काढू." घेतलं. ती उठली नाही. पुढच्या खेपेला मेसेज पाठवायचं काम आत आलं. ती उठली नाही. मग भाषा बदलायचं बटण आलं, रंग बदलायचे आले. भटाला दिली ओसरी आणि भट हळूहळू पाय पसरी, तसं चाललं होतं. पण तेव्हा कुणाला तसं वाटलं नाही, कारण आमचं मोजमाप शाबूत होतं ना! माप तिथंच, त्याच खुर्चीत, स्वस्थ बसून पानं उलटत होतं. माझे फोनही कमी झाले होते. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी लाँड्रीवाल्या काकांचा फोन आला. काकांची लाँड्री आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये पावती आणि कपड्याचा नंबर, यापलीकडे काही नाही.

"अहो, माझं वाटोळं झालं!" काका ओरडले. "सगळ्या पावत्यांवर परत न्यायची एकच तारीख! काउंटरवर ही झुंबड! नवरदेवाचा कोट एका मुख्याध्यापकांकडे गेला, आणि त्या शहाण्यानं तो घालून बघितला!"

"मग?"

"मग काय, पाठीत टर्रकन फाटला!"

मी हसू आवरलं. पण पाठोपाठ दातांच्या दवाखान्याचा फोन आला, तिथं सगळे पेशंट एकाच वेळेला येऊन बसले होते. मग ग्रंथालयाचा. सगळ्यांचं दुखणं तारखेचं. काकांचा दुसरा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हणालो की कॅलेंडरमध्ये काहीतरी गडबड असणार. काकांचा आवाज एकदम खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "मी कॅलेंडर कधी मागितलं होतं हो? भिंतीवर आहे माझं कॅलेंडर. भीक नको पण कुत्रं आवरा."

मिक्सर भिंतीत चिणला होता आणि आता शॉक सगळ्या घराला बसत होता.

पूर्वी असं काही बिघडलं की भिंगरी खिडकीपर्यंत दोन फेऱ्या मारायची आणि म्हणायची, तिथं बघा. आणि ते तिथंच असायचं. या वेळी ती बसून शोधत राहिली. पडद्यावर ओळी वर जात होत्या, खाली येत होत्या. दुपार गेली, दुसरा दिवस गेला. फोनवर मी लोकांना थोपवत होतो आणि काचेतून तिच्याकडे बघत होतो. शेवटी सापडलं. कॅलेंडर गाभ्यात आल्यापासून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक निरोपाला आपली तारीख चिकटवत होतं, कुणी मागो न मागो. आणि मेसेजवाला तुकडा त्या तारखा पुसून एकच करत होता. तिनं ते दुरुस्त केलं. काकांना मी स्वतः फोन करून सांगितलं, आणि कोट शिवून घ्यायला माणूस पाठवला.

पण त्या संध्याकाळी घरी परतल्यावर ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "दादा, माझ्याच घरात मला दिव्याचं बटण सापडत नव्हतं रे."

"सापडलं ना शेवटी?"

"मी वाचनात शेवटची कधी उठले होते?"

मी आठवायला लागलो. ते एक पान काढलं होतं, ते वाचन. गुडघा फुटायच्या आधीचं. त्यानंतर एकदाही नाही. माझ्या तोंडावरून तिला उत्तर कळलं असावं, कारण ती काही न विचारता वर निघून गेली.

भागीदाराचं म्हणणं सरळ होतं. बग सापडला, गेला, विषय संपला. पुढच्या व्हर्जनला अजून दोन गोष्टी आत घ्यायच्या होत्या, एका मोठ्या गिऱ्हाइकाला कबूल केल्या होत्या. भिंगरी म्हणाली, "नको. उलट कॅलेंडर आणि मेसेज बाहेर काढू."

"का पण? आता तर चालतंय."

तिला सांगता येईना. इतकी वर्षं तिला का हे सांगावंच लागलं नव्हतं. ती उठायची आणि विषय संपायचा. नाकापेक्षा मोती जड झालाय हे तिला दिसत होतं, पण त्याला दाखवायचं कसं? शेवटी ती म्हणाली, "वाचनात ठरवू."

"ठरलं," भागीदार म्हणाला आणि खुशीत शीळ घालत गेला. त्याला काय, ती आता बसते हे माहीत होतं.

वाचन आठवड्यावर आलं असताना एका पहाटे आईनं मला हलवून उठवलं. "ऐकतोयस?"

छतावर पावलं. दार ते खिडकी, खिडकी ते दार. पूर्वीपेक्षा भरभर.

उजाडताच मी वर गेलो. दार उघडंच होतं. ती हातात कपबशी घेऊन फिरत होती, चहा बशीत हिंदकळत होता. डोळे खोल गेलेले. टेबलावर गोळ्यांची पट्टी पडली होती, चार-पाच दिवस कुणी हात न लावलेली.

"संपल्या म्हणून नाही," मी म्हणालो. "थांबवल्यास."

"वाचन होऊ दे. मग घेते."

"वेडी आहेस का तू?"

"गोळी घेतली की मी माप राहत नाही, दादा. बघितलंस ना काय झालं? सगळं आत घुसलं आणि मी मजेत बसून वाचत होते. मला कळलंच नाही. भागीदाराला मी काय सांगू, मला बरं वाटत नाही म्हणून? माझे पाय हाच माझा पुरावा होता."

"पाय तुझे आहेत का कंपनीचे?"

ती थांबली. कप ठेवला. पण उभ्या उभ्यासुद्धा तिचे पाय ठरत नव्हते, एकदा या पायावर भार, एकदा त्या.

"आणि त्याच्या पुढच्या वाचनाला?" मी विचारलं. "परत बंद? दर व्हर्जनला जिन्यावरून पडायचं? खाली आई रात्रभर छताकडे बघत बसलीय, तिचं काय?"

"मग गाभ्याचं काय?" ती ओरडली. भिंगरी कधी ओरडत नाही, तो खाक्या माझा. "काकांसारख्या माणसांचं काय? त्यांनी काही मागितलं नव्हतं. त्यांनी एवढंच धरलं होतं की आम्ही त्यांच्या भिंतीत काही चिणणार नाही. मी नाही उठले तर कोण उठणार आहे?"

उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. मी दार आपटून खाली आलो आणि दिवसभर फोनवर निष्पाप माणसांच्या अंगावर गेलो.

वाचनाच्या दिवशी मधली खोली भरली होती. पंखा घरघरत होता. भिंगरी पानांचा गठ्ठा घेऊन आली आणि तो टेबलावर ठेवला तेव्हा धप्प असा आवाज झाला. पूर्वी तो असा व्हायचा नाही. ती बसली आणि वाचायला लागली.

पहिल्याच पानावर तिचा उजवा पाय हलायला लागला.

पहिलं पान म्हणजे जुनं पान. निरोप घ्यायचा, ज्याचा त्याला पोचवायचा. त्यात कधीच खोट नव्हती, त्यावर ती कधीच उठली नव्हती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की तिलाही कळलंय. अचानक थांबवलेली गोळी आणि न झोपलेल्या रात्री यांनी तिचे पाय पूर्वीपेक्षा वाईट केले होते. आता ते चांगल्या पानावरही उठा म्हणत होते. माप गोळीनं झोपत होतं आणि गोळीविना खोटं बोलत होतं. तिनं डाव्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरली, बोटं पांढरी पडली, आणि ती वाचत राहिली. कपाळावर घाम. ती अशीच उठली असती तर भागीदारानं मान्य केलं असतं, नियम तो नियम. पण खोट्या खुणेवर जिंकायला ती तयार नव्हती. माझ्या बहिणीचा मला इतका अभिमान आणि इतका संताप एकाच वेळी कधी आला नव्हता.

खोलीतले सगळे तिच्या पायांकडे बघत होते. मीही. आणि मग त्या पायांकडे बघवेना म्हणून मी डोळे वळवले आणि पहिल्यांदाच ती काय वाचतेय ते ऐकायला लागलो. खरं सांगतो, इतक्या वाचनांना बसलो होतो, पण नीट ऐकलं कधीच नव्हतं. निरोप आला. ठीक. त्यावर पत्ता बघितला. ठीक. निरोप आत गेला. मग कॅलेंडर सुरू झालं. निरोपाला तारीख लागली, तारखेला सुट्ट्यांची यादी लागली, सुट्टी असेल तर मेसेज, मेसेज कोणत्या भाषेत ते भाषेच्या बटणाला विचारायचं, बटणाचा रंग कोणता... मी बोटावर धरत होतो, एक, दोन, तीन, आणि बोटं सुटली. निरोप कुणाचा होता? मला आठवेना. मी परत पहिल्यापासून मनात जुळवायला गेलो, तोवर ती पुढच्या पानावर होती. माझी कानशिलं तापली.

मी उठलो. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली.

भिंगरी वाचायची थांबली. भागीदार म्हणाला, "दादा, फोन आलाय का?"

"नाही."

"मग?"

"मला कळेनासं झालं. निरोप आला होता, तो कुठं गेला?"

"दादा, तुम्ही फोन घेता," भागीदार समजुतीनं म्हणाला. "तुम्हाला कोअर कशाला कळायला हवा?"

"कारण बिघडलं की काका तुला फोन करत नाहीत, मला करतात! मला तोंड द्यायचं असतं! आत्तापर्यंत मी सांगू शकत होतो, काका, एवढंच आहे आणि ते असं चालतं. आता काय सांगू? रंग बदलतो म्हणून?"

"अहो, तुम्हाला राग यायला निमित्तच लागतं. असं तुम्ही दर वेळी उठाल."

"मग तू बस आणि सांग. हे पान बाजूला ठेव आणि तोंडानं सांग, निरोप कुठून कुठं जातो. सांग की!"

भागीदार सुरू झाला. तारखेपर्यंत आला, सुट्टीपर्यंत आला, मग थांबला. पानाकडे हात गेला, तो त्यानं मागं घेतला.

"नियम असा आहे की ती उठली तर..." तो पुटपुटला.

"कुणीही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "कुणीही उठलं तर, असंच ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं," मी म्हणालो. "पण आपण कुणी गाभा ऐकलाच नाही. हिचे पाय बघत बसलो सगळे. पायांनी सगळ्यांचं काम केलं आणि आपण आयते बसलो."

भागीदारानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. त्या मोठ्या गिऱ्हाइकाचा विचार त्याच्या डोक्यात चालला असणार, ते मला दिसत होतं आणि त्याची कीवही आली. मग त्यानं गठ्ठा स्वतःकडे ओढला. "कुठून काढायचं, सांग," तो भिंगरीला म्हणाला. "त्यांना कॅलेंडर जोडून देऊ. नाही पटलं तर नाही पटलं."

भिंगरीनं खुर्चीची कड सोडली. आता उठायला हरकत नव्हती. ती उठली, त्या पट्ट्यावरून खिडकीपर्यंत गेली आणि काचेला कपाळ टेकून उभी राहिली. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"तुला खरंच कळत नव्हतं?" तिनं हळूच विचारलं. "का माझ्यासाठी उठलास?"

"तुझ्यासाठी कशाला उठू?" मी म्हणालो. "डोकं फिरलं म्हणून उठलो."

ती हसली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझ्या डोक्याला गोळी नाही ना कुठली? मग चालेल."

त्या संध्याकाळी ती आमच्याकडेच जेवली, अर्धी उभ्यानं. आईनं गोळी आणि पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला आणि बघत राहिली. भिंगरीनं गोळी घेतली. डॉक्टरीणबाईंकडे परत जाऊन बोलणी खाल्ली, तीही मुकाट्यानं. पावलांचा आवाज लगेच थांबला नाही, हळूहळू विरळ झाला.

आता वाचनाला प्रत्येकानं एक तुकडा न बघता सांगायचा असतो. माझ्यावर पहिला तुकडा आहे, निरोप घेण्याचा, आणि सगळ्यांना वाटतं तो सोपा. परवा जेवण झाल्यावर मी पानं घेऊन पाठ करत होतो. निरोप आला, पत्ता बघितला, पण पत्ता नसेल तर? दारापाशी गेलो. मग कुठं जातो? खिडकीपाशी आलो. चुकलो तर भागीदार मला जन्मभर ऐकवेल. परत दारापाशी.

"अरे, एका जागी बस!" आई खेकसली.

बोलून झालं आणि तिनं जीभ चावली, वर छताकडे पाहिलं. आम्ही दोघं श्वास धरून ऐकत राहिलो. वर काहीही हललं नव्हतं.